एका रंगाचे दोन पत्ते आले, तर त्याची नक्की किंमत किती?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. शनिवारी डोंबिवलीला मित्रांबरोबर टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, असं पोकर) खेळता, पैसे नाहीत, नुसत्या चिप्स, पण हिशोब चोख. हातात दोन्ही पत्ते एकाच रंगाचे आले की तू फोल्ड करतच नाहीस, म्हणजे पत्ते टाकतच नाहीस, राजा-सत्ती असो नाहीतर राणी-चौकी, कारण कलर (एका रंगाचे पाच पत्ते) लागला की पॉट (मधे जमलेले चिप्स) मोठा येतो. आणि तरी दोन महिने स्टॅक, म्हणजे तुझ्यापुढचे चिप्स, खालीच चाललाय. मग सूटेडला, म्हणजे अशा एका रंगाच्या दोन पत्त्यांना, नक्की किंमत किती द्यायची, आणि स्मॉल ब्लाइंडमध्ये सक्तीची अर्धी बेट आधीच गेलेली असते (पूर्ण घालतो तो बिग ब्लाइंड), तिथून तरी खेळावं का?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. मी दादरला राहतो, पंधरा-सोळा वर्षं हा खेळ खेळतोय, घरातले गेम, गणपतीच्या जागरणाचे गेम, अधूनमधून गोव्याला मांडवीवरच्या बोटींवर. तुझी ही सवय मलाही होती आणि ती सुटायला बराच वेळ लागला म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी आकडा बघ. एक्का-राजा सूटेड, समोर कुठलेही दोन पत्ते, पाचही पत्ते उघडेपर्यंत दोघं थांबले तर जिंकायचा वाटा ६७ टक्के. तोच एक्का-राजा वेगवेगळ्या रंगाचा, म्हणजे ऑफसूट, ६५ टक्के. गुलाम-दश्शी सूटेड साडेसत्तावन्न, ऑफसूट साधारण साडेपंचावन्न. सगळ्यात भंगार म्हणतात ती सत्ती-दुर्री, ऑफसूट ३५ च्या आत, सूटेड ३८. म्हणजे रंग जुळल्याचा फायदा दोन ते साडेतीन टक्के, बस. समोर राण्यांची जोडी असेल तर एक्का-राजा सूटेड ४६ टक्के आणि ऑफसूट ४३ टक्के, इथेही तीनच. आता हे तीन टक्के म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, वर्षभर खेळणाऱ्याला तीन टक्के खूप असतात, पण सत्ती-दुर्री सूटेड झाली म्हणून ती ३८ च्या वर जात नाही ना, हरणारा हात हरणाराच राहिला, फक्त जरा कमी हरतो. तुझी राणी-चौकी सूटेड बरीच वर, साधारण ५२, पण ती मुख्यतः राणीमुळे, रंगामुळे नाही.

मग आपल्याला हा फायदा इतका मोठा का वाटतो? मला वाटतं आपण लहानपणापासून जे पत्ते खेळतो त्यामुळे. मेंढीकोटमध्ये हुकूम असतो, एका रंगाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते, तिथे रंग हीच ताकद. बदाम सातमध्ये तर अख्खा डावच रंगाने लावायचा. आणि दिवाळीत तीन पत्ती, तिथे हातात तीन पत्ते येतात आणि तिन्ही एका रंगाचे असले की कलर झाला, विषय संपला, आणखी कशाची वाट बघायची नाही. तीन पत्तीत कलर येतो साधारण ५ टक्के वेळा, साधी सिक्वेन्स येते ३.३ टक्के, म्हणून तिथे सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये पाच पत्त्यांचा हात, तिथे उलटं होतं, पाच पत्त्यांत स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) येते ०.४ टक्के आणि फ्लश (म्हणजे कलर) ०.२ टक्के, म्हणून फ्लश वर. म्हणजे पोकरचा कलर हा तीन पत्तीच्या कलरपेक्षा पंचवीस पट दुर्मीळ प्रकार आहे. आणि होल्डेममध्ये दोन बदाम हातात आले तेव्हा तुझ्याकडे कलर नाहीये, पाचातले दोन आहेत, उरलेले तीन टेबलावर यायचेत. डोळ्याला मात्र ते तीन पत्तीसारखंच दिसतं, दोन तर जुळले, एकच तर हवाय. (इस्पिक मोठा, किलवर छोटा असंही काही नसतं होल्डेममध्ये, चारही रंग सारखे, हे कितीतरी जुन्या खेळाडूंना सांगावं लागतं.)

आता ते तीन येतात किती वेळा. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांवर, थेट कलर तयार व्हायची शक्यता ०.८४ टक्के, ११९ वेळा फ्लॉप बघितला तर एकदा. फ्लॉपवर दोन जुळून ड्रॉ (चार झाले, एक हवा) मिळायची शक्यता ११ टक्के, नऊदा बघितला तर एकदा. रिव्हरपर्यंत (पाचवा, शेवटचा पत्ता; चौथा तो टर्न) डोळे मिटून थांबलास तर कलर होतो ६.४ टक्के वेळा.

हेच तुझ्या शनिवारच्या हिशोबात बसवून बघ. घरच्या गेममध्ये गप्पा, चहा, कोणाचा तरी फोन, तासाला पंचवीसेक डाव होतात. चार तासांत शंभर डाव धर. होल्डेममध्ये सुरुवातीचे दोन पत्ते १३२६ प्रकारे येऊ शकतात, त्यातले ३१२ सूटेड, म्हणजे साडेतेवीस टक्के. शंभरात तुला चोवीस हात सूटेड आले. सगळे खेळलास, प्रत्येकाला सरासरी तीन बिग ब्लाइंड घातले, कारण कोणी ना कोणी रेझ करतोच, म्हणजे बेट वाढवतोच, तर फ्लॉप बघायच्या आधीच बहात्तर बिग ब्लाइंड गेले. त्या चोवीस फ्लॉपांवर ड्रॉ मिळणार अडीचेक वेळा. ड्रॉ मिळाल्यावर शेवटपर्यंत थांबलास तर तो ३५ टक्के वेळा लागतो. म्हणजे अख्ख्या शनिवारात एक कलर. एक! आणि त्या एका कलरवर समोरच्याने तुला बहात्तर बिग ब्लाइंड द्यायला हवेत, तर कुठे तू जागच्या जागी. जोड्या वगैरे मधेमधे लागतात, त्यातून थोडं परत येतं हे खरं, पण राजा-सत्तीला राजा लागला की तुझी खरी पंचाईत होते, जोडीसोबतचा दुसरा पत्ता (किकर) नुसती सत्ती, कॉल करत (समोरच्याइतके चिप्स घालत) बसतोस आणि समोरून राजा-राणी निघते. तुझा स्टॅक खाली जातोय तो न लागलेल्या कलरने कमी आणि अशा अर्धवट लागलेल्या जोड्यांनी जास्त जातोय, हे मी तुझे डाव न बघताही सांगू शकतो.

आता कलर लागल्यावर काय होतं ते सांगतो, कारण मला हे कळलं ते एकाच डावात. बऱ्याच वर्षांपूर्वीची कोजागिरी, बिल्डिंगच्या गच्चीवर, मसाला दूध पिऊन झालेलं, आम्ही सहाजण चटईवर. प्रत्येकाला २००० चिप्स, ब्लाइंड १०-२०. मी स्मॉल ब्लाइंड, हातात किलवर राणी आणि किलवर चौकी. हो, तुझीच राणी-चौकी. चौघं नुसते वीस घालून आत आलेले, बिग ब्लाइंड बसलेला, मी आणखी दहा घातले, पॉट १२०. फ्लॉप आला किलवर दश्शी, किलवर सत्ती, किलवर दुर्री. तोच ११९ मधला एक फ्लॉप. छातीत धडधड, हात स्थिर ठेवायचा प्रयत्न. मी १०० ची बेट केली, शेजारच्या काकांनी कॉल, माझ्या आत्याने कॉल, बाकी गेले. टर्नला बदाम नव्वी. मी ३००. काकांनी पत्ते टाकले. आत्याने दुधाचा पेला बाजूला ठेवला, चिप्स मोजले आणि ९००. आत्या आयुष्यभर मेंढीकोट खेळलेली बाई, विनाकारण नऊशे करणारी नाही, हे मला माहीत होतं. तरी मी सगळं आत ढकललं. तिने दाखवलं किलवर एक्का, किलवर तिर्री. रिव्हर बघायची गरजच नव्हती.

त्या रात्री मी नशिबाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. माझ्या राणीच्या कलरपेक्षा मोठा कलर त्या फ्लॉपवर कोणा एकाकडे असायची शक्यता पत्ते सरसकट धरले तर १.२ टक्के, पाच जण समोर म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. हे काही जास्त नाही, म्हणून शंभरची बेट बरोबर, तीनशेची पण बरोबर. चूक पुढे होती. आत्याने ९०० केल्यावर तिच्याकडे काय असू शकतं हे मी विचारलंच नाही स्वतःला. एक्का किंवा राजा असलेला किलवरचा कलर तेरा प्रकारे बनतो. मला हरवू न शकणारे आणि तरी नऊशे करतील असे हात कुठले? सत्तीचा किंवा दुर्रीचा सेट (हातात जोडी, तिसरा टेबलावर), तीन-तीन मिळून सहा. दश्श्यांची जोडी असती तर तिने आधीच रेझ केलं असतं. लहान कलरवर आत्या नऊशे करत नाही. तेरा विरुद्ध सहा, आणि मी १२० च्या पॉटमध्ये २००० घालवून बसलो.

सूटेड हातांबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. लहान पत्त्यांचा कलर लागला की छोटा पॉट तू जिंकतोस, कारण टेबलावर तीन किलवर बघून कमी ताकदीचे लोक पळून जातात, आणि मोठा पॉट होतो तो बरेचदा समोर आणखी मोठा कलर असतो तेव्हा. तू म्हणतोस कलर लागला की पॉट मोठा येतो. येतो, पण कोणाकडे येतो ते तुझ्या वरच्या पत्त्यावर ठरतं. एक्क्याचा कलर असेल तर तो मोठा पॉट तुझा. म्हणून एक्का आणि कुठलाही छोटा पत्ता सूटेड, याला मी राजा-सत्ती सूटेडपेक्षा कितीतरी वर ठेवतो. घरच्या गेममध्ये सहा-सहा जण आत येतात, तिथे तर फारच, कारण माणसं जितकी जास्त तितके लहान कलरचे हाल जास्त.

मग सूटेडची खरी कमाई कुठे? माझ्या मते ती लागलेल्या कलरमध्ये थोडी आणि न लागलेल्यामध्ये जास्त आहे. विचित्र वाटेल, पण हा डाव बघ. तू बटनवर (शेवटी बोलणारी जागा), बदाम एक्का आणि बदाम पंजी, ६० ला रेझ केलंस, स्मॉल ब्लाइंड गेला, बिग ब्लाइंडने कॉल केलं, पॉट १३०. फ्लॉप बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. तो चेक करतो, म्हणजे काही न घालता पुढे जातो. तू ८० बेट करतोस. हातात काहीच नसताना ही बेट केली असती तर त्याने ३८ टक्के वेळा पत्ते टाकले तरच ती परवडली असती. पण तुझ्याकडे नऊ बदाम बाकी आहेत, रिव्हरपर्यंत ३५ टक्के, शिवाय कधी एक्का लागून जोडीही जिंकते. त्यामुळे त्याने टाकले तर उत्तम, नाही टाकले तरी तू मेलेला नाहीस, आणि लागला तर तुझाच कलर सगळ्यात मोठा. हेच पत्ते वेगळ्या रंगाचे असते तर ह्या फ्लॉपवर तुझ्याकडे एक्क्याची आशा सोडून काय होतं? सूटेडपणा तुला बेट करायची परवानगी देतो, आणि पोकरमध्ये कितीतरी पॉट समोरच्याने पत्ते टाकल्यानेच मिळतात. तू काय करतोस, ड्रॉ आला की चेक-कॉल, चेक-कॉल, म्हणजे जिंकायचा एकच रस्ता उघडा ठेवतोस, कलर लागलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट कोणी फारसं सांगत नाही. फ्लॉपवर तुझ्या रंगाचा फक्त एकच पत्ता येणं, हे ४२ टक्के वेळा होतं. नुसत्या आकड्यात त्याची किंमत क्षुल्लक, टर्न आणि रिव्हर दोन्ही जुळायला हवेत, चार टक्क्यांच्या जरा वर. पण टर्नला त्या रंगाचा पत्ता येतो २१ टक्के वेळा आणि आला की तुझ्या हातात अचानक पूर्ण ड्रॉ असतो, फ्लॉपवर जी बेट केली ती पुढे चालू ठेवायला कारण मिळतं. चांगले खेळाडू टर्नला दुसरी बेट करतात त्यातल्या कितीतरी अशा असतात. त्या दोन-तीन टक्क्यांचा मोठा भाग इथून वसूल होतो, आणि तो फक्त त्यालाच होतो जो शेवटी बोलतो, म्हणजे बटनवर किंवा त्याच्या आसपास बसलेला असतो. पहिल्या जागेवरून तेच पत्ते खेळलास तर तुला प्रत्येक वेळी आंधळेपणाने आधी बोलावं लागतं आणि हा सगळा फायदा समोरच्याच्या खिशात जातो.

टर्नवर कॉल करायचा की नाही त्याचाही हिशोब एकदा हाताने करून बघ. पॉट १०००, समोरच्याने ५०० लावले, तुला ५०० घालून १५०० मिळवायचेत, म्हणजे २५ टक्के हवेत. एका पत्त्यावर कलर लागतो १९.६ टक्के. नुसत्या पॉटवर हे नुकसानीचं. कलर लागल्यावर रिव्हरला तो आणखी साधारण ५५० देईल अशी खात्री असेल तरच कॉल. एक्क्याचा ड्रॉ असेल तर ही आशा ठीक. सत्तीचा ड्रॉ असेल तर तो पाचशे देईलही, पण कधी कधी तूच त्याला दोन हजार देशील, मग सरासरी कुठे गेली?

हातांबद्दल पटकन. एक्का-पंजी, एक्का-चौकी सूटेड मला आवडतात, मोठा कलर तर आहेच, खालची स्ट्रेट पण होते आणि एक्का तुझ्या हातात आहे म्हणजे समोर एक्क्यांची जोडी असायची शक्यता निम्मी होते. राजा-राणी, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी सूटेड कुठेही खेळ. नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की सूटेड मागच्या जागांवरून, दोघांचे स्टॅक शंभर ब्लाइंडच्या आसपास असतील तेव्हा. फ्लॉपवर स्ट्रेट थेट लागते १.३ टक्के, कलर ०.८४, त्यामुळे मधे खूप फ्लॉप टाकून द्यायची तयारी हवी. स्टॅक दहा-पंधरा ब्लाइंडवर आला की ह्या हातांची किंमत पडते, कारण लागल्यावर मिळवायला पुढे काही उरलेलंच नसतं, तिथे एक्का-नव्वी ऑफसूट ही सत्ती-छक्की सूटेडपेक्षा बरी. तू हे उलटं करतोस असा माझा अंदाज आहे, स्टॅक संपत आला की "चला, सूटेड आहे" म्हणून आत.

कोणी तुला अमेरिकन पोकर खेळाडू डॉयल ब्रन्सनची दश्शी-दुर्री सांगेल. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं त्याने पोकरच्या वर्ल्ड सीरीजची मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्हीचा शेवटचा हात दश्शी-दुर्री होता, त्या पत्त्यांना आजही त्याचंच नाव आहे. पण दोन्ही वेळा तो जिंकला फुल हाऊसवर (तीन सारखे आणि एक जोडी). रंगाने तिथे काहीच काम केलं नव्हतं. आणि समोर तेव्हा एकच माणूस उरलेला, सहा नाहीत.

आता तुझं स्मॉल ब्लाइंड. आधी कोणी रेझ केलंय? मग राजा-सत्ती आणि राणी-चौकी दोन्ही फोल्ड, सूटेड असली तरी. गेलेले दहा चिप्स तुझे राहिलेले नाहीत, त्यांच्या मागे पन्नास घालू नकोस. कोणी रेझ केलं नाही आणि चार-पाच जण नुसते आत आलेत, तर दहा घालून एकशेवीसचा पॉट दिसतोय, साडेआठ टक्क्यांपेक्षा कमीच लागतात, घाल. कोजागिरीला मी घातलेले ते दहा चिप्स आजही मला चूक वाटत नाहीत. फक्त फ्लॉपवर राजा लागला तर एक छोटी बेट आणि कोणी रेझ केलं की सोडून द्यायचा, आणि तीन किलवर आले तर बेट कर, दोनदा कर, पण आत्यासारखं कोणी पेला बाजूला ठेवून चिप्स मोजायला लागलं की आधी तेरा आणि सहा मोज.